परवानगीवाले धनावडे

"वकीलसाहेब, ह्यात लिवलंय, 'काही देशांत परवाना लागू शकतो.' काही म्हणजे कुठल्या ओ?"

वसंत धनावड्यांनी हा प्रश्न मला माझ्याच ऑफिसात, टेबलासमोर उभं राहून विचारला. बसा म्हटल्याशिवाय ते बसत नसत, आणि मी म्हणायला विसरलो होतो. मी रत्नागिरीत चाळीस वर्षं दिवाणी वकिली केली. वाटणीचे दावे, कुळांचे दावे, एका फणसाच्या झाडावरून दोन पिढ्या चाललेला दावा, सगळं हाताखालून गेलं. जमीन एकाची, झाड दुसऱ्याचं आणि फळ तिसऱ्याचं अशी भानगडही मी डोळे मिटून सोडवत असे. पण ह्या एका प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा आलं नाही, आणि आजही येत नाही. धनावडे आठवले की आधी हा प्रश्न आठवतो, मग त्यांच्या कानावरची पेन्सिल, आणि मग ते स्वतः.

मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करायचे. नंतर टेपरेकॉर्डर आले आणि आमच्या बंदरावरची निम्मी घरं आखातात गेली. पुरुष तिकडे, बायका इकडे. पत्र लिहायला सगळ्यांना येत नसे आणि फोन परवडत नसे, तेव्हा बायका धनावड्यांच्या दुकानात येऊन नवऱ्याशी कॅसेटमध्ये बोलायच्या. तिकडून नवऱ्याची कॅसेट यायची. कोणी मस्कतहून सुट्टीवर आला की त्याच्या बॅगेत वीस घरांच्या वीस कॅसेटी असत. दुकानाच्या मागच्या भागात पडदा लावून त्यांनी एक खोलीवजा जागा केली होती. आत माईक, स्टूल आणि भिंतीवर घड्याळ. बाई आत जाऊन बसली की धनावडे बटण दाबायचे आणि बाहेर येऊन पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसायचे. पडद्याकडे पाठ. मशीन मात्र पडद्याच्या अलीकडे होतं. मधूनमधून ते मान वळवून मशीनच्या काट्याकडे बघत, एवढंच. आवाज त्यांनी कधी ऐकला नाही.

"काटा हलतोय म्हणजे बोलतेय," ते मला एकदा म्हणाले. "काटा पडला म्हणजे गप झाली. मग थांबायचं. बटण बंद नाय करायचं. परत उठतो काटा."

"आणि नाही उठला तर?"

"उठतो ओ. घरची माणसं हायत, किती वेळ गप ऱ्हातील?"

कानावरची पेन्सिल लिहायला नव्हती. कॅसेटच्या दातेरी चाकात ती बरोबर बसते, आणि ढिली पडलेली फीत तिने घट्ट गुंडाळता येते. सहा बाजूंचीच पेन्सिल लागते, गोल चालत नाही, हे ज्ञान मला त्यांनीच दिलं.

आता त्यांचं ते नाव. बाजारात त्यांना परवानगीवाले धनावडे म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. एसटीत खिडकी उघडायची तर ते शेजाऱ्यालाच नव्हे, मागच्यालाही विचारत. रस्त्यावर पडलेलं जांभूळ उचलायचं तर झाडाच्या मालकाचं घर शोधत. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असलं तर स्वतःच्या दुकानाचं दार वाजवून आत जात. कोणी हसलं की म्हणत, "विचारलेलं बरं." तेवढंच. पुढे काही स्पष्टीकरण नाही.

ह्या नावाला कारण मी आहे. हे मी आतापर्यंत फारसं कोणाला सांगितलेलं नाही.

धनावड्यांचं गावचं घर पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे होतं. घरातून गाडीरस्त्याला यायची सरळ वाट शेजाऱ्याच्या काजूच्या बागेतून जात असे. शेजारी म्हातारा भला माणूस. धनावड्यांच्या वडिलांनी कधीतरी त्याला विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, "जा ओ, विचारता काय!" मग तीस वर्षं सगळं घर त्या वाटेने गेलं. म्हातारा वारला आणि वर्षभरात त्याच्या मुलांनी चिऱ्यांचा गडगा घालून वाट बंद केली. मी तेव्हा नवा वकील होतो, उत्साही होतो. वहिवाटीचा दावा ठोकला. आणि त्यात मीच धनावड्यांना पिंजऱ्यात उभं करून मोठ्या अभिमानाने विचारलं की म्हातारा काय म्हणाला होता? त्यांनी खरं ते सांगितलं. तिथेच दावा बुडाला. कोर्ट म्हणालं, तुम्ही परवानगीने जात होतात, म्हणजे हक्काने जात नव्हतात. आणि परवानगी तोंडी होती, देणारा गेला, त्याच्याबरोबर तीही गेली.

त्याच पावसाळ्यात त्यांची आई आजारी पडली. खुर्चीत बसवून चौघांनी तिला पऱ्याला वळसा घालून रस्त्यापर्यंत आणलं. त्या वळशाला पाऊण तास लागला. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती. धनावडे मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट दिवस झाल्यावर भेटायला आले, आणि काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "धनावडे, यापुढे कोणाचंही काही घेताना लेखी घेत जा." त्यांनी मान हलवली. वकिलाचा सल्ला इतका मनावर घेणारा अशील मला पुन्हा मिळाला नाही, आणि मिळू नये.

अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवच्या सुमारास त्यांनी कॉम्प्युटर घेतला. कॅसेटचे दिवस सरत आले होते. फोन स्वस्त होऊ लागले होते, आणि बाजारात सीडीच्या एका तबकडीवर दीडशे गाणी मिळायला लागली होती. एमपीथ्री हे नाव तेव्हा पानवाल्यालाही पाठ होतं. घरोघर डब्यात पडलेल्या जुन्या कॅसेटी त्या पद्धतीने तबकडीवर उतरवून द्यायच्या, असा धनावड्यांचा विचार होता. विचार उत्तम होता. कोणीतरी त्यांना तसं करणारा एक प्रोग्राम आणून दिला. तो चालू करताना पडद्यावर इंग्रजी मजकूर येतो आणि खाली 'मला मान्य आहे' असं बटण असतं. सगळं जग ते बटण दाबतं. धनावड्यांनी तो मजकूर छापून काढला, अकरा पानं, आणि माझ्याकडे घेऊन आले.

"सही करायची की नको?"

"सही कसली? बटण दाबा. सगळे दाबतात."

"न वाचता?"

"न वाचता."

"मग त्यांनी मान्य काय केलं?"

मी चिडलो आणि पानं ओढून घेतली. दहाव्या पानावर ते वाक्य होतं. ह्या पद्धतीवर इतरांचे पेटंटचे हक्क आहेत, ते आम्ही तुम्हाला देत नाही, आणि काही देशांत तुम्हाला वेगळा परवाना लागू शकतो. काही देशांत, लागू शकतो. असं वाक्य एखाद्या खरेदीखतात कोणी घातलं असतं तर मी त्याला ऑफिसातून हाकलला असता. आपला देश त्या काहींत येतो का, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मी मुंबईच्या एका वकीलमित्राला फोन केला. तो म्हणाला, आपल्याकडे नुसत्या सॉफ्टवेअरला पेटंट मिळत नाही. मी म्हटलं, म्हणजे परवाना नको? तो म्हणाला, तसं म्हणता येणार नाही, ही पद्धत आहे, पद्धत म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नव्हे. मी म्हटलं, म्हणजे हवा? तो म्हणाला, तसंही म्हणता येणार नाही. मी फोन ठेवला. आम्ही वकील लोक अशिलांना वर्षानुवर्षं काय भोगायला लावतो, ते मला त्या दिवशी समजलं.

धनावड्यांनी बटण दाबलं नाही. शेजारच्या दुकानांत दीडशे गाण्यांच्या तबकड्या धडाधड विकल्या जात होत्या, आणि हे आपले एका तबकडीवर एक कॅसेट, साधी, जुन्या पद्धतीने, कोणाचं काही न घेता उतरवून देत बसले. त्या साध्या पद्धतीत एका कॅसेटनेच तबकडी भरून जाते. गिऱ्हाईक वाटेला लागलं. मी म्हणत असे, "अहो, कोण येणार आहे तिकडून तुम्हाला पकडायला?" ते म्हणत, "गडगा घालायला कोण येल असं बाबांना तरी कुठं वाटलं होतं?"



अशी आठेक वर्षं गेली. मग एका मार्चमध्ये हमीदाभाभी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन त्यांच्या दुकानात आल्या. डब्यात एकतीस कॅसेटी होत्या. हमीदाभाभींचा नवरा कासम बोटीवर सारंग होता, आखातातल्या एका गोदीत अपघातात गेला, तिकडेच दफन झाला. मुलगी यास्मिन तेव्हा चार वर्षांची. बापाचा चेहरा तिला फोटोत माहीत होता, आवाज आठवत नव्हता. घरातला टेप कधीच मोडला होता, आणि डबा नुसता कपाटात राहिला होता. आता यास्मिनचं लग्न ठरलं होतं. ईदनंतर निकाह, मग ती दोह्याला जाणार. तिच्या जन्माची खबर मिळाल्यावर कासमने एक कॅसेट पाठवली होती, हिरव्या कागदाची चिठ्ठी चिकटवलेली. त्यात मुलीसाठी दुवा होती. "ती पोरीला ऐकवायची हाय, वसंतभाई," हमीदाभाभी म्हणाल्या. "आणि सगळ्या कॅसेटी तिच्यासंगती द्यायच्या हायत. पर एवढा डबा ती कुठं नेणार? एकाच तबकडीत सगळं मावतंय म्हणतात."

एका तबकडीत मावायचं म्हणजे एमपीथ्री. धनावडे डबा घेऊन तडक माझ्याकडे आले.

"आता मातूर विचारायलाच पायजे," ते म्हणाले. "गाणी गेली उडत. ही माणसाच्या घरची चीज हाय. उद्या कोण आला आणि म्हणाला, आमच्या वाटेनं नेलंत, तर भाभींनी काय करायचं?"

हमीदाभाभी मागोमाग आल्याच होत्या. त्यांनी मला सरळ विचारलं, "वकीलसाहेब, आवाज यास्मिनच्या बापाचा. त्याची परवानगी परदेशातल्या माणसाला कशाला विचारायची?"

मी धनावड्यांकडे बघितलं. ते म्हणाले, "आंबा तुमचाच ओ भाभी. पण तो ज्या वाटेनं न्यायचा ती वाट त्यांची."

मला हे पटल्यासारखं वाटलं. आताही वाटतं, आणि आताही नक्की सांगता येत नाही.

मी पेटंटच्या परदेशी मालकाच्या नावे इंग्रजीत पत्र तयार केलं. आम्ही रत्नागिरीत असतो, एका मृत खलाशाच्या एकतीस कॅसेटी त्याच्या मुलीसाठी तुमच्या पद्धतीने उतरवायच्या आहेत, तरी संमती द्यावी. धनावड्यांनी त्यात 'नम्र विनंती' घालायला लावलं. सायबर कॅफेतून ते पाठवलं. दोन महिने काही नाही. मेच्या अखेरीस उत्तर आलं, चार ओळींचं, सभ्य. खासगी आणि किरकोळ वापरासाठी परवान्याची गरज नाही, असं त्यात होतं.

मी खूश झालो. धनावडे तो कागद उलटसुलट करून बघत राहिले.

"ह्यात 'हो' कुठं हाय?"

"अहो, गरज नाही म्हणतायत!"

"तेच म्हणतोय मी. 'विचारता काय' आणि ह्यात फरक काय ऱ्हायला? आणि खाली सही नाय."

"ईमेलला सही नसते."

"मी पैसे घेऊन काम करतो, मग मी खासगी की किरकोळ?"

मी चहा मागवला. पण चहा घेताघेता ते थोडे सैल झाले. कागदाची घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, "तुमी म्हणता तर उद्या बसतो." ते बसले असते. पावसाला अजून आठवडा होता.

इथे मी जे केलं ते मला लाज वाटावी असंच आहे. मला थट्टेची खोड. काही महिन्यांपूर्वीच्या वर्तमानपत्रातलं एक कात्रण मी मुद्दाम ठेवलं होतं, ते काढून त्यांच्यापुढे टाकलं आणि म्हणालो, "जपून हं धनावडे. तुमच्या वाटेला दुसरा मालक निघालाय." बातमी खरी होती. एका बलाढ्य कंपनीने ह्याच पद्धतीसाठी एका मालकाकडून रीतसर परवाना घेतला होता. मग दुसरीच कंपनी उठली, हक्क आमचाही आहे म्हणाली, आणि अमेरिकेतल्या कोर्टात निकाल तिच्या बाजूने लागला. मला वाटलं, ते हसतील.

धनावड्यांनी कात्रण दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे सहहिस्सेदार हायत."

"तसंच काहीतरी."

"सातबाऱ्यावर नावं किती हायत?"

"कोणाला माहीत?"

"मग एकाचं घेऊन काय उपयोग? सगळ्यांच्या सह्या लागतील."

आमच्याकडे एका सातबाऱ्यावर चाळीस नावं असतात. एक सुरतेला, दोन मुंबईला, एक मेलेला आणि एक कधी जन्मला हेच माहीत नसलेला. त्यातल्या एकाने जमीन विकली की दहा वर्षांनी दुसरा उगवतोच. हे मी स्वतः त्यांना शंभरदा सांगितलेलं होतं. मी आता म्हणत होतो की अहो, थट्टा केली, तुम्ही करा सुरुवात. पण "वकील म्हणून लिहून द्याल?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी कागद बाजूला सारला. मला खरंच ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही हे लिहून कसं देणार?

दुसऱ्या मालकाला पत्र गेलं. त्याचं उत्तर आलंच नाही. ऑगस्टमध्ये बातमी आली की त्या अमेरिकेतल्या कोर्टाने आपलाच निकाल फिरवला.

"मग आता मालक कोण?" धनावड्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"वरच्या कोर्टात जातील?"

"जातील की."

"म्हणजे आपल्यासारखंच," ते म्हणाले, आणि त्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.

ह्या सगळ्या काळात डबा त्यांच्या दुकानात लोखंडी कपाटात होता. आमच्याकडे पावसाळ्यात दमट हवेने सगळ्याला बुरशी येते, म्हणून जपायच्या वस्तूच्या कपाटात लहानसा दिवा सतत जळता ठेवतात. धनावड्यांनी तो ठेवला होता. पण त्या वर्षी भारनियमन असं होतं की दिवसाचे निम्मे तास वीजच नसे. दिवा लागलेला आहे की नाही हे ते रोज बघत. नाही लागला तर ते काय करणार होते?

सप्टेंबर संपता संपता हमीदाभाभी माझ्या ऑफिसात आल्या. रोजे चालू होते, त्यामुळे चहा विचारण्याचाही प्रश्न नव्हता. त्यांनी आवाज चढवला नाही. "निकाहला महिना ऱ्हायला," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो. यास्मिनही होती. धनावड्यांनी डबा काढून उघडला आणि तसाच धरून उभे राहिले. कॅसेटींच्या खिडक्यांतून आत पांढरं दिसत होतं.

ते खाली बसले. इतक्या वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदा, कोणी बसा म्हटल्याशिवाय.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. मी म्हणालो, चूक माझी. हमीदाभाभी म्हणाल्या, "चूक कोणाची ते नंतर ठरवा. आता काय होईल ते बोला."

मग धनावडे उठले. पुढचे पंधरा दिवस ते दुकानातून हलले नाहीत. प्रत्येक कॅसेटचे पाच बारीक स्क्रू काढायचे, फीत सोडवायची, स्पिरिट लावलेल्या मऊ फडक्यातून इंचाइंचाने ओढायची आणि नव्या डबीत पेन्सिलीने गुंडाळायची. अकरा कॅसेटी गेल्या. फीत एकमेकीला चिकटून निघेना, निघाली तर तिच्यावरची भुकटी हातात येत होती. वीस वाचल्या. त्यांतलीच हिरव्या चिठ्ठीची अगदी तळाशी होती, ती सगळ्यांत जास्त खराब होती, आणि ती त्यांनी शेवटी ठेवली.

वीस कॅसेटी एमपीथ्रीत उतरवायच्या की नाही, हा प्रश्न मी पुन्हा काढला नाही. त्यांनीच हमीदाभाभींना सांगितलं, "भाभी, एका तबकडीत घालत नाय. साध्या पद्धतीनं वळसा घालून नेतो. कॅसेटीला एक-दोन तबकड्या होतील, पोरीला पिशवी न्यावी लागेल. आणि दुसरं एक हाय. त्या पद्धतीत जे कानाला ऐकू येत नाय ते टाकून देतात म्हणे. कासमभाईंनी मधी श्वास घेतला असेल, तो ठेवायचा की टाकायचा, हे कोणी ठरवायचं?"

"मग न्या ना वळसा घालून," हमीदाभाभी म्हणाल्या. "मी कुठं नको म्हटलंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मार्चमध्ये विचारलं असतं तरी ही बाई हेच म्हणाली असती. आम्ही दोघांनी अर्ध्या जगाला विचारलं होतं. जिचा नवरा होता तिला विचारलं नव्हतं. मी धनावड्यांकडे बघितलं, आणि त्यांच्याही तेच लक्षात आलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

शेवटच्या कॅसेटच्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. दुपार होती, वीज नुकतीच आली होती. हमीदाभाभी आणि यास्मिन स्टुलांवर बसल्या होत्या. जुनं काट्याचं मशीन, त्यातून वायर कॉम्प्युटरला. फीत एकदाच चालेल, दुसऱ्या वेळी तुटेल, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे चालू असतानाच उतरवून घ्यायची. पण एक अडचण होती. ही फीत वाकडी झाली होती, आणि तशा फितीला मशीनमधला एक स्क्रू आवाज स्वच्छ येईपर्यंत फिरवावा लागतो, आणि ते काट्यावरून कळत नाही. काटा फक्त आवाज आहे की नाही ते सांगतो. स्क्रू फिरवायचा तर कानाने ऐकावं लागतं.

धनावडे हातात हेडफोन घेऊन हमीदाभाभींसमोर उभे राहिले. तीस वर्षांत त्यांनी कोणाच्या घरचं एक वाक्य ऐकलं नव्हतं.

"भाभी, सुरुवातीचं थोडं मला ऐकावं लागंल. ऐकू का?"

"ऐका ओ भाई," हमीदाभाभी म्हणाल्या. "विचारता काय!"

तेच शब्द. मला वाटलं, आता हे कागद मागणार, सही मागणार, आणि मी खरोखरच खिशातलं पेन चाचपलं. पण धनावड्यांनी हेडफोन कानाला लावले, बटण दाबलं आणि मशीनवर वाकले.

बराच वेळ ते स्क्रू फिरवत होते. काटा थरथरत होता. मग काटा मोठा हलला आणि त्यांचा हात थांबला.

"हाय," ते म्हणाले. "हाय ओ भाभी. बोलतायत."

"काय म्हणतात?"

"ते मी कसा सांगू?" त्यांनी हेडफोन काढले आणि दोन्ही हातांनी पुढे केले. "तुमचं तुमी ऐका."

हमीदाभाभींनी ते घेतले नाहीत. त्यांनी यास्मिनकडे बोट दाखवलं. पोरीने ओढणी मागे सारली आणि हेडफोन लावले. धनावड्यांनी पडदा ओढून घेतला. मशीन नेहमीसारखं अलीकडे, त्या दोघी पलीकडे. ते स्वतः बाहेर जाऊन पायरीवर बसले, रस्त्याकडे तोंड करून.

मी मशीनपाशी उभा होतो. काटा हलत होता, उठत होता, पडत होता, एखादा माणूस घाईघाईने बोलतो तसा. मग तो एकदम खाली आला आणि तिथेच राहिला. चाकं फिरत होती. पडद्यामागे काही आवाज नव्हता. मी घाबरलो, फीत तुटली असं मला वाटलं, आणि माझा हात बटणाकडे गेला.

"काटा पडला काय?" धनावड्यांनी मान न वळवता विचारलं.

"पडला."

"हात नका लावू," ते म्हणाले. "गप झाले असतील. थांबा जरा, उठतो परत."